उशिरान लागता

बाबांनी चप्पल काढून सीटखाली सरकवली
आणि अनवाणी पाय पॅडलवर ठेवला,
डॉक्टर छातीवर नळी टेकवतो तसा.
"लागता," म्हणाले. "पण उशिरान लागता."

पाच महिन्यांची गाडी. साडेसहा हजार किलोमीटर.
ग्रॅच्युइटीतून घेतलेली, सीटांवरचं प्लॅस्टिक
आईनं अजून कुणाला काढू दिलेलं नाही.

कणकवलीच्या सर्व्हिस सेंटरात काचेपलीकडे
आमची गाडी चारी चाकं लोंबकळत टांगलेली.
तीन फेऱ्या, तीन जॉबकार्डं,
तिन्हींवर तीच ओळ:
तपासले. दोष आढळला नाही.

चौथ्या खेपेला निनाद कुबल नावाचा मुलगा
वॉरंटीचं पुस्तक माझ्याकडे फिरवतो,
बारीक अक्षरांवर बोट ठेवतो:
पॅड, डिस्क, वायपरची रबरं,
झिजणारे भाग, यात येत नाहीत.
"त्यातून तुम्ही देवगडचे. समुद्राजवळ.
गंज धरतो, मॅडम.
खारी हवा कंपनीच्या हातात नाही."

मी म्हटलं, गाडी विकताना पत्ता तुम्हीच लिहून घेतलात,
तेव्हा समुद्र दिसला नव्हता?
तो हसला नाही.
मला ते बरं वाटलं.

बाबा इतका वेळ कुलरचं पाणी पीत उभे.
एकतीस वर्षं त्यांनी फोंडा घाट उतरवला,
लाल गाडी, मागे पंचावन्न माणसं,
टपावर काजूची पोती, एकदा एक जिवंत पाडस.
"पॅडांक काय झाला नाय," ते म्हणाले,
"आजार वर आसा. पॅडल धरून ठेवलंय काय
हळूहळू खाली जाता,
वायंगणात पाय रुतता तसो."

"सर, आम्ही हायवेवर टेस्ट घेतली."
"हायवे सपाट. माका उतार होयो.
तू बस बाजूक."

मी मागे, मांडीवर फाइल.
घाट चढेपर्यंत कुणी बोललं नाही.
वर टपरीजवळ गाडी वळवली,
पहिला गियर, आणि उतार.
दुसऱ्या वळणापर्यंत सगळं नीट,
म्हणजे आजवर जसं नीट असायचं तसं.

तिसऱ्या वळणावर चिऱ्यांचा ट्रक,
चढताना दम लागून थांबलेला.
बाबांनी ब्रेक दाबला, धरून ठेवला.
गाडी थांबायची त्या जागी थांबली नाही.
हातभर पुढे, अजून हातभर,
जांभ्याची लाल भुकटी काचेवर,
मग हँडब्रेकचा कर्रर्र आवाज.

मागून मला फक्त निनादचा पाय दिसत होता.
पॉलिश केलेला काळा बूट
रबरी मॅटवर टाचेपासून रोवलेला, ताठ.
त्याच्या बाजूला पॅडल नव्हतं.
त्यानं दाबलं होतं.

बाबांनीही पाहिलं असणार.
"आता लिही," म्हणाले अगदी हळू,
"तुझ्या पायान काय सांगल्यान, ता लिही."

गरम बॉनेटवर कागद ठेवून त्यानं लिहिलं:
पॅडल दाबून धरल्यास सावकाश खाली जाते.
मास्टर सिलिंडर. वॉरंटीत बदलावा.
आणि समासात, जिथे कुठला रकानाच नव्हता,
तिथे, मी स्वतः बाजूला बसलो होतो.

अकरा दिवस लागले.
बिलावर मजुरी शून्य, भाग शून्य, एकूण शून्य,
तरी सही तीन ठिकाणी.
जुना सिलिंडर बाबांना हवा होता.
तो कंपनीला परत जातो म्हणे.
यावर मात्र ते खरेखुरे रागावले,
चार वेळा ज्यांनी आवाज चढवला नव्हता ते.
"उघडून बघूक सुद्धा दिल्यानी नाय."
नांदगावपर्यंत तेच.
पुढे तळेऱ्याच्या फाट्यावर एक कुत्रं आडवं आलं,
गाडी जागच्या जागी थांबली,
त्यावर ते काहीच बोलले नाहीत.

जामसंड्याचा उतार संपला,
खाली बंदराचे दिवे दिसायला लागले,
तेव्हा त्यांनी डाव्या पायानं सीटखाली चाचपून
एक चप्पल बाहेर ओढली.
मग दुसरी शोधू लागले.