अर्धा र, ब्रनोमध्ये

नोंदणीच्या टेबलामागून तिनं बिल्ला पुढे केला,
म्हणाली, यंदा आम्ही प्रत्येकाचं नाव
ज्याच्या त्याच्या लिपीत छापलंय.
मी पाहिलं : बर्हाटे.
ब आणि ह यांच्या मधे
पापणीच्या केसासारखा आडवा असायचा जो अर्धा र
तो उडून ह च्या डोक्यावर बसलेला.
साडेसहा हजार किलोमीटर मी आले होते
नेमकं हेच सांगायला.

बोलले नाही.
पहिल्यांदाच कुणाकडे गेल्यावर
चहात साखर विसरलात, हे सांगत नाहीत तशी.

त्याआधी कोट.
नणंदेचा, गडद निळा, बोटांवर येणारा.
तळघरातल्या बाईंनी तो हातात घेतला,
कॉलर उलटीपालटी केली
आणि चेकमध्ये मला रागावल्या.
मागचा मुलगा म्हणाला, खुंटीला अडकवायची
दोरी तुटलीय तुमच्या कोटाची. त्यांना चालत नाही.
मी ओशाळून उभी, जशी काही
दप्तर न आणता वर्गात आलेली.
शेवटी त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर टाकला
आणि मला पितळेचा बिल्ला दिला : २१४.

दिवसभर विनोदांवर सगळे
माझ्याआधी अर्धा क्षण हसत होते.
पाण्यातही बुडबुडे.
कॉफीच्या रांगेत कुणीतरी हात पुढे केला : झेड. के.
सात वर्षं माझ्या कोडवर
लाल शेरे मारणारी ही दोन अक्षरं.
सात वर्षं मी त्यांना 'आदरणीय सर' लिहीत आले.
झ्देन्का क्रझीझोव्हा, पांढरा बॉब, सायकलचं हेल्मेट काखेत.
मला वाटलं, ती म्हणाली,
तुमच्याकडे सगळ्यांनाच सर म्हणत असतील.

तिच्या आडनावातही एक र आहे,
डोक्यावर छोटी चिमणी बसलेला.
विमानतळावर ती चिमणी नेहमी उडून जाते म्हणे.
र आणि झ एकदम म्हण. एकामागून एक नाही, एकदम.
मला जमेना. तिला बऱ्हाटे जमेना.
दोघी भिंतीशी उभ्या राहून
थंड पडत चाललेल्या कॉफीवर
थुंकी उडवत होतो जवळजवळ.

माझं भाषण जेवणानंतर.
अकरा माणसं, त्यातला एक झोपलेला.
वीस मिनिटांचं पाठ केलेलं
बारा मिनिटांत संपलं,
'पाच मिनिटं'ची पाटी धरून बसलेला पोरगा
ती तशीच मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत राहिला.
मग दाढीवाले एक गृहस्थ :
पण एवढ्याशा रेघेनं फरक कितीजणांना पडतो?

आकडा तयार होता. कोटींमध्ये होता.
ऐन वेळी तोंडातून निघेना.
मी गळ्यातला बिल्ला उचलून दाखवला, म्हटलं,
हे माझं नाव नाही.
दुसऱ्या रांगेत नोंदणीवाली मुलगी बसलीय
हे तेव्हा दिसलं.
तिनं तोंडावर हात घेतला.
टाळ्या झाल्या, दाढीवाले खूश झाले,
आणि मला आपण काहीतरी मोडल्यासारखं वाटत राहिलं.
नंतर शोधलं तिला. सापडली नाही.
टेबलावर उरलेले बिल्ले होते,
न आलेल्यांचे, ओळीनं मांडलेले.

रात्री आठला तळघरात
एकटा माझाच कोट.
खुर्चीवर नव्हता. खुंटीला होता.
कॉलरच्या आत तपकिरी दोऱ्यानं विणलेली
करंगळीएवढी कमान, दोन्हीकडे गाठ मारून पक्की.
निळ्यावर तपकिरी. घरात जो असेल तो दोरा.

मी पर्स उघडायला लागले तशा बाई पुन्हा रागावल्या.
बरंच काही बोलल्या, कोट मला चढवत,
लांब बाह्या दुमडून देत.
एक शब्द कळला नाही.
मधेच कुठेतरी तो र येऊन गेला, झ ला चिकटलेला.
तेवढा ओळखला.