पाचपैकी

पुरवणीत मला दोनशे शब्द मिळतात, आणि वर तारे.
पाचपैकी. अर्धा तारा डोणगावकरांच्या छपाईत उठत नाही,
म्हणून साडेतीनचे कधी तीन होतात, कधी चार,
आणि कुठल्या कुठल्या देशातला गिटारवाला
इथं पूर्णा जंक्शनात
एक इयत्ता मागं राहतो.

या महिन्यात पाच अल्बम आले.
अकोल्याची गाडी गेल्यावर ऐकायला बसतो.
तोवर खिडकीची काच
स्वतःचाच ठेका धरून असते.

पहिला स्वच्छ. इतका,
की तारेवरून बोट सरकल्याची करकरसुद्धा
कुणी फडक्यानं पुसून घेतलीय.
दुःख आहे, पण इस्त्रीचं.
मी लिहिलं : वादन सफाईदार.
ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मधले तीन आता आठवत नाहीत, हेही नोंदवायला हवं.

पाचव्यात एक बाई. वय एक्याऐंशी.
ओळीच्या मध्येच तिचा श्वास संपतो
आणि ती थांबते.
वाजवणारे सगळे थांबतात.
किती वेळ, ते मी घड्याळ लावून मोजलं :
सात सेकंद.
मग ती उरलेला शब्द उचलते,
ताटातला शेवटचा तुकडा उचलावा तसा.
तीनदा मागं घेऊन ऐकलं.
सात सेकंद दोनशे शब्दांत कुठं बसवू?

पानं लावणारा तौफिक विचारतो,
ब्लूज म्हणजे निळंच ना?
गाणं निळं कसं राहतंय सर?
म्हटलं, नीळ आठव, धुण्याच्या शेवटच्या पाण्यातली.
जास्त झाली की डाग पडतात,
कमी पडली की पिवळेपणा जात नाही.
तो म्हणाला, आमच्या अम्मीला बरोबर अंदाज हाय.
तिलाच द्या की मग तारे.

सहावा पाकिटातून आलेला नाही.
गँग चाळीतल्या सुमेधनं मोबाइलवर पाठवला :
त्याचे आजोबा, रखमाजी हनवते,
पूर्वी गँग नंबर अकराचे पुकारे.
रूळ सरकवायचा तर बारा पहारी खाली घालायच्या,
यांनी एकट्यानं ओळ फेकायची,
बाकीच्यांनी शेवटच्या शब्दावर जोर लावायचा.

सायबाच्या छत्रीला, हां!
आमचं ऊन पुरंना, हां!

साहेब तेलुगू होता, मान डोलवायचा.
गाणं जमलं की नाही हे रूळ सांगायचा.
बोटभर सरकला, तर जमलं.

चार मिनिटांचं रेकॉर्डिंग. कुकरच्या दोन शिट्ट्या.
सून म्हणते, पाणी काढलंय, थंड होईल.
सूर पट्टी सोडतो. सोडतोच, काय लपवायचं?
पाच जणांना लावलेली मोजपट्टी यांना लावावी
तर हात आखडतो,
न लावावी तर तो उपकार, आणि उपकाराचा वास
दोनशे शब्दांच्या पलीकडं जातो.

शेवटी हेडफोन घेऊन त्यांच्याकडंच गेलो.
बाजेवर बसले होते. दोन्ही कान झाकून दिले.
पहिला, सफाईदारवाला, अर्धा ऐकला आणि म्हणाले,
ह्यानं उचललं काय पण?
मग ती बाई लावली.
भाषेतलं अक्षर कळत नव्हतं त्यांना.
ती थांबली.
आणि त्या रिकाम्या सात सेकंदांत, बरोबर मध्यावर,
हातातली नसलेली पहार दाबून
रखमाजी म्हणाले,
हां!

मग कानावरचं काढून ठेवलं.
पहार टेकवलीय तिनं. दम घ्यायलीय.
मागं माणसं कमी पडायलेत बाईच्या.

आणि तुमचं, बाबा?
आपलं काय. समोर रूळच नव्हता.
नुसतंच वरडलो.

घरी येऊन लिहिलं. एकशे शहाण्णव शब्द झाले.
ताऱ्यांची चौकट तशीच सोडली.
रात्री डोणगावकरांचा फोन :
तिथं जागा उघडी दिसायलीय,
नेत्रतपासणी शिबिराची छोटी जाहिरात आहे, टाकू का?

टाका, म्हणालो.