कॉफीच्या डब्यातली चिठ्ठी

सत्तावीस वर्षं मी शाळेची पिवळी बस चालवली
विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांतून, हेगडालच्या खडीच्या रस्त्यांवर.
कुणाचा कुत्रा चाकांवर धावून येतो,
कुठल्या फाटकाशी गाडी किती हळू घ्यायची,
कुठल्या घरातलं पोर आज रडत चढणार, आणि का,
हे मला पाठ.
मतं मागत दारोदार हिंडेन असं मात्र
माझ्या बापजन्मात कुणाला वाटलं नसतं.

झालं असं, की नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये
इस्त्रीच्या कपड्यांतला एक माणूस रंगीत कागद पसरून बसला.
नेस्ट्रूडच्या कुरणावर एकशे चाळीस घरं,
कवळीतल्या दातांसारखी एकसारखी,
आणि दर चाळीस पावलांवर दिव्याचा खांब.
"सुरक्षिततेसाठी," तो म्हणाला.
"कुणापासून?" मी विचारलं.
सगळे हसले.
त्या हसण्यानं माझा घात केला.

गोठ्याच्या उरलेल्या लाल रंगानं
एइनारनं प्लायवुडवर माझं नाव रंगवलं.
फळी संपली तेव्हा शेवटचं अक्षर
खाली घ्यावं लागलं,
टॉर्डिसमधून काहीतरी सांडल्यासारखं.

फेब्रुवारीभर बर्फ तुडवत हिंडले.
बर्निस क्विलिंग दार अर्धंच उघडून म्हणाली,
"अठ्ठ्याण्णव सालच्या थंडीत माझ्या पोरासाठी
तू दोन मिनिटं थांबली नाहीस.
मत देईन. पण विसरले नाहीये."

डेअरीमागच्या ट्रेलरमध्ये एलिसेओ राहतो.
मी भाषणात "आपल्या गायी" म्हणते
त्या गायींचं दूध रात्री तीनला तोच काढतो.
त्याला मत नाही, हे दोघांनाही माहीत होतं,
तरी त्यानं मला आत घेतलं,
मक्याच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी ऊन ऊन हातावर ठेवलं
आणि माझं पत्रक बोट फिरवत वाचलं:
गाव जसं आहे तसं राहू द्या.
"जसं आहे," तो म्हणाला, "त्यात मी धरलाय का?"
तोंडात घास होता. बरं झालं.

नेस्ट्रूडकडे सगळ्यात शेवटी गेले.
खरं तर तिथेच आधी जायला हवं होतं.
हाल्वोर एकोणऐंशीचा, दोन्ही गुडघे गेलेले,
मुलं फिनिक्सच्या उन्हात.
खिडकीतून कुरण दाखवून म्हणाला,
"बघायला आवडतं तुला, टॉर्डिस.
कापायला कधी आलीस?"

त्या रात्री बसमध्ये इंजिन बंद करून बसले.
आमच्याकडे अंधार अजून अख्खा येतो,
सीटखालपर्यंत.
तोच तर मला वाचवायचा होता.
पण वाचवायचा म्हणजे कुणाच्या जिवावर,
हे पत्रकात कुठे छापायचं, सुचेना.

एप्रिलात मतं मोजली.
मला दोनशे बारा. डेल ब्रेकीला दोनशे बारा.
डेल माझ्याच बसमधला, डावीकडची दुसरी सीट,
सहलीला हमखास ओकायचा.
त्याची लेक चाळीस मैलांवर भाड्यानं राहते,
इथे घर मिळत नाही म्हणून. खोटं नव्हतं त्याचं.

कायदा म्हणतो, चिठ्ठी काढा.
व्हर्लानं कॉफीचा रिकामा डबा आणला,
दोन घड्या आत टाकल्या,
आणि हात घालण्याआधी पदराशी नव्हे, पँटलाच पुसला,
जणू आत काही जिवंत आहे.
डेलनं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा
पुन्हा सहलीच्या दिवसासारखा पांढराफटक.

नाव माझं निघालं.
पहिल्या बैठकीचा पहिला विषय: तुंबलेली मोरी.
दिव्यांचे खांब अकरावे.

जूनमध्ये हाल्वोरनं ट्रॅक्टरची किल्ली माझ्याकडे फेकली.
विकणार की नाही, ते अजून सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
पहिली रांग कापून मी वळले
तेव्हा तो पायरीवरून ओरडला,
"बस चालवतेयस की काय?
इथे कुणी चढायचं नाहीये.
सारखी थांबू नकोस!"