लाली

गोकुळपेठच्या भाजीबाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर
श्वेतल बोकडे लिपस्टिक बनवते.
कुकरच्या जुन्या डब्यात मेण, कोकमाचं तूप,
एरंडेल मोजून तेरा थेंब,
आणि इतवारीतल्या काष्ठौषधीवाल्याकडची रतनजोत,
जी तेलात तासभर काहीच बोलत नाही
आणि मग एकाएकी कबूल होते.

"ओठ पुढे करा, मावशी."
चोपन्न वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं,
दाताचे डॉक्टर सोडून.

पहिल्यांदा बीट.
रंग आला, दहा मिनिटांत ओठांनीच पिऊन टाकला,
मागे उरला कोशिंबिरीचा वास.
मग पळस, उमरेड रोडवरून तिच्या भावानं
पिशवीभर वेचून आणलेला.
होळीला अंगावर शोभतो,
ओठांवर मात्र कावीळ झाल्यासारखा.
"हे नाही जमत वो," ती आपणच हसली
आणि वहीत फुली मारली.

तिसरी डबी लावली आणि मी आरशाजवळ गेले.
लाल. ऐन दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलसारखा,
थांबायलाच लावणारा.
"हा कशाचा गं?"
"लाखेचा. गोंदियाकडून येते.
त्याच पळसावर बारके किडे बसतात न, त्यांची.
एकदम नैसर्गिक."

मी कापूस घेतला. पुसून काढला.
"काऊन पुसलं? मस्त दिसत होतं न!"

काऊन ते काय सांगू.
बावीस वर्षं मी फार्मसी कॉलेजात होते,
तळमजल्यावर, जनावरांच्या खोलीत.
हजेरीपटावर पद: सहायक.
काम: धरणे.
ससा मानेमागच्या सैल कातडीनं धरतात,
दुसरा हात मांड्यांखाली,
नाहीतर तो आपल्याच लाथेनं पाठ मोडून घेतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
एकानं मोडून दाखवलं.

सर थेंब टाकायचे,
मी पापणी मिटून धरायची.
सशाच्या डोळ्यात पाणी कमी,
म्हणून निवड त्याची.
चोवीस तास, अठ्ठेचाळीस, बहात्तर.
तक्त्यात मी आकडा भरायची:
लाली शून्य, लाली एक, लाली दोन.
लाली. हाच शब्द होता.
माझी आईही लिपस्टिकला लालीच म्हणायची.

पुढे वरून कागद आला, खोली बंद झाली.
चार ससे उरले होते.
कुठे गेले ते मी विचारलं नाही.
आणि पगाराच्या दिवशी बर्डीवरून
मी मरून रंगाची लिपस्टिक घ्यायची,
अकरा वर्षं एकच नंबर,
हेही श्वेतलला सांगितलं नाही.

"मग लाख काढून टाकू?" तिनं पेन उघडलं.
"डबीवर 'कुणालाही न दुखवता' लिहितेस न?
किडा मोजायचा का नाही, ते तू ठरव.
मी फक्त ओठ दिले."

ती बराच वेळ वहीकडे बघत बसली.
मग रतनजोतची लावली, करंगळीनं, हलकेच.
चिंचेच्या कोळासारखा रंग.
चरचरली नाही. वास नाही. चव किंचित मातीची.
"ही मे महिन्यात टिकणार नाही," मी म्हटलं.
"इथं माणूस टिकत नाही वो मावशी,"
ती म्हणाली, "लिपस्टिकचं काय घेऊन बसल्या."

खाली सेहेचाळीस अंश.
सगळ्यांसारखाच मीही दुपट्टा
डोक्यावरून नाकावरून घट्ट गुंडाळला,
डोळे तेवढे बाहेर.
ऑटोवाल्याला कळलं नाही,
शेजारच्या ढेंगेबाईंना कळलं नाही.

घरी येऊन दुपट्टा सोडला,
तर आतल्या बाजूला एक तोंड उमटलेलं,
जरासं उघडं,
काहीतरी बोलायला निघालेलं.

बादलीत भिजत घातलाय.
रात्र झाली, अजून निघत नाही.