नाव कळू शकले नाही

बावीस वर्षं मेयोच्या शवागारासमोर उभा राहून
मी माणसं कॉलमात बसवली.
आता सकाळी साडेदहाला खडू घेतो
आणि हाताला कळत नाही, कुठे थांबायचं.
फळ्याला शब्दमर्यादा नसते.

पहिल्या दिवशी नुसती हजेरीच घेत राहिलो.
डोंगरे निकेश. शेख हुमेरा. पराते रोहिणी.
एकेक जण उठत होता,
इतकी नावं, वडिलांच्या नावांसकट,
ठाण्यात एक फोन न करता मिळालेली.

एप्रिलात कूलर वर्गभर वाळ्याचा वास फेकतो,
मी ओरडून शिकवतो: इंट्रो पंचवीस शब्दांचा.
कोण, काय, कुठे, केव्हा. 'का' नंतर बघू.
'का' बहुतेकदा उद्याच्या अंकात जातो
आणि उद्या अधिवेशन सुरू झालेलं असतं.

नमुना म्हणून माझंच कात्रण वाचलं.
इतवारीतल्या गोदामाची आग, पान एक, बायलाइन.
"एका हमालाचा होरपळून मृत्यू झाला.
त्याचे नाव कळू शकले नाही."

पराते उठली. गोळीबार चौकातून सायकलने येते,
शेवटच्या बाकावर बसते.
"कळू शकले नाही म्हंजे, कोनाले जी सर?"

वर्ग हसला. मीही हसलो, सवयीने.

रात्रीचे पावणेबारा होते. पानं सुटत होती.
ओल्या पोत्यांवर दुसरा एक हमाल
न पेटवलेली बिडी धरून बसला होता,
माझ्यापासून आठ पावलांवर.
त्याला मी बातमीत घेतलंही: 'प्रत्यक्षदर्शी'.
विचारलं काहीच नाही.
आपल्या भाषेत ही सोय आहे,
कर्ता हळूच काढून घ्यायचा,
वाक्य तरी पडत नाही.

फळ्यावर लिहिलं, 'मी विचारले नाही.'
डेस्कने ही ओळ घेतली नसती.
तास संपल्यावर उके शिपायाने ती पुसली,
कूलर बंद केला,
"सर, चाबी द्या."

आज घरी गठ्ठा आणलाय तपासायला.
विषय दिला होता: कॅन्टीनची दरवाढ.
निकेशने पोहेवाल्याचं नाव लिहिलंय,
बापाचं लिहिलंय, पवनीजवळचं गाव,
तर्री कोण बनवतं, तिचंही.
दरवाढ राहूनच गेली.

दहापैकी किती द्यायचे?
लाल पेनचं टोपण काढून बसलोय.
बायको म्हणते, झोपा आता,
पावणेबारा झाले.