खिळा

मोंढ्याच्या रस्त्याला, बारदान्याच्या दुकानाला खेटून
आमचं फ्लेक्सचं दुकान, दहा बाय बारा.
कल्याणशेठच्या कॉम्प्युटरातलं चोरीचं सॉफ्टवेअर
एका सकाळी तोंड फिरवून बसलं:
नंबर द्या, नाहीतर काही उघडणार नाही.
आत अडकले चौदा वाढदिवस,
एक उद्घाटन
आणि एका सरपंचाचं हसू.

मी परभणीहून पेन ड्राइव्हवर इंकस्केप आणलं.
शेठ म्हणाले, "फुकटचं कशाला गं? उद्या हेबी रुसंल."
म्हटलं, याला रुसवायला एक मालकच नाही.

आठ दिवस हाताला काही सापडेना.
"काय करायलीस?" शेठ मागून विचारायचे.
काहीच नाही. एक रेघ.
रेघेच्या टोकाला बिंदू, बिंदूला दोन मुठी,
आणि मुठी रेघेवर नसतात,
बाजूला असतात, हवेत.
रेघेला हात न लावता रेघ वळवायची
एवढंच शिकत होते.

मग नालीच्या कामात
हळदे सायकल मार्टची भिंत जाणार असं कळलं.
भर उन्हात मोबाइलवर फोटो काढला:
येथे सायकल भाड्याने मिळेल
तासाला आठ आणे
खाली कोपऱ्यात मुंगीएवढं, नबी आर्ट्स, सेलू.

फोटो मोठा केला की अक्षरांच्या ठिकऱ्या,
नुसते चौकोन, चौकोनात उडालेला निळा.
म्हणून त्या अक्षरांवरून मी पुन्हा चालले
बिंदू टाकत टाकत.
भ ला चौदा लागले. ळ ला एकवीस,
आणि दुसऱ्या दिवशी बघते तर
नऊच पुरत होते.

आता तो ळ औषधाच्या पुडीवर मावतो
आणि पाण्याच्या टाकीवर चढवला
तरी त्याची कड फाटत नाही.

त्याच्या डाव्या पोटाला एक खोच होती.
काय ऐट! मी ती जिवापाड जपली.
दिवाळी, हळदीकुंकू, बाळंतविडा,
मंगळवारी दुकान बंद,
जिथं जिथं ळ, तिथं तिथं खोच.

श्रावणात नबीसाब आले, आधारच्या झेरॉक्सला.
पडद्याकडं बघत राहिले.
"ये तो मेरा ळ है."
मग चष्मा पुसून, अगदी जवळ येऊन,
"तिथं भिंतीत खिळा होता, बेटी. ब्रश अडकला.
अन् तू तो खिळा गावभर ठोकलास?"

मी माउस पुढं केला.
"ह्याला वजनच नाही," म्हणाले,
तरी करंगळी टेबलावर रोवली,
शिडीवर काठीला रोवायचे तशी,
आणि ती हवेतली मूठ
इतकी हळू ओढली
की कॉम्प्युटरचा पंखा ऐकू आला.
खोच भरली.

"कितीला घेतलंस हे?"
"फुकट."
"कुणी दिलं?"
मी सांगू लागले: ओळखीचं कुणी नाही,
कुठले कुठले लोक, आपली कामं संपवून रात्री बसतात,
एक जण चूक काढतो, दुसरा दुरुस्त करून
पुन्हा सगळ्यांपुढं ठेवतो...
त्यांचं लक्ष नव्हतं.
ते भ च्या गाठीला लागले होते.

तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस ओरडायला लागला, मी घाईनं सेव्ह केलं,
दोन फायली:
ळ खिळ्याविना.
ळ खिळ्यासकट.

झेरॉक्स राहिलीच. उद्या येतो म्हणाले.

नव्या पाटीवर कोणता घ्यायचा,
अजून ठरत नाही.
शेठला दोन्ही सारखेच दिसतात.