साठाचे पन्नास

गायधनीबाई रिक्षातून उतरल्या
मांडीवरचं सुटकेसएवढं धूड सांभाळत.
म्हणाल्या, याला आपली वीज सोसत नाही म्हणे.
उलटं करून पाहिलं :
एकशे वीस व्होल्ट, साठ सायकल,
डेट्रॉइटच्या कुठल्याशा दुकानाचं फिकट लेबल.
कुणी थेट लावून तर नाही ना पाहिला, विचारलं.
नाही, तुमची पाटी वाचून आधी इथेच आले.

पाटीवर वडिलांचं नाव आहे. गुंडाळते मी.

व्होल्ट उतरवणं ही काही मोठी विद्या नव्हे :
या बाजूला नऊशे वीस वेढे,
त्या बाजूला चारशे ऐंशी, वर बारा नुकसानीचे,
मध्ये लेदरॉइडचा कागद.
दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही,
तरी एकाचं दुसऱ्याला कळलं पाहिजे.
सातपूरचा भोंगा झाला की आकडा निसटतो,
म्हणून मी मोठ्यानं मोजते.
वार्निश वाळण्यात रात्र गेली.

शनिवारी गंगापूर रोडला जाऊन जोडून दिला.
मीटरवर एकशे एकोणीस. तापला नाही, वास नाही.
सात स्पूल, प्रत्येक डबीवर बॉलपेननं ‘हेमीला’.
धाकटी बहीण, मंदा. पंचेचाळीस वर्षं तिकडेच.
फोन महाग होता तेव्हा यात बोलून ठेवायची,
पोस्टात टाकायचं राहून जायचं.
मार्चमध्ये गेली, मग सामान आलं.

चाकं फिरली.
हेमे…
आज… बर्फ…
पडलाय…
खालचा, जड आवाज,
एकेक शब्द विहिरीतून शेंदल्यासारखा.
बाईंनी चष्मा काढला.
किती थकली होती गं, आम्हाला कळूसुद्धा दिलं नाही.
नाव मंदा, पण घरात सगळ्यात घाईची तीच,
भाकरी तव्यावर असताना ताट मागणारी.

दुखणं माझ्या लक्षात आलं होतं.
पण रडणाऱ्या माणसाला हर्ट्‌झ कसे सांगायचे?
व्होल्ट माझ्या हातात आहेत,
एकलहऱ्याच्या चिमण्यांखाली जे फिरतं ते नाही.
ते सेकंदाला पन्नास फेरे घेतं,
आणि ही मोटर फेरे मोजून चालते, तिला साठ हवेत.
सहा पावलांच्या जागी पाच :
आम्ही मंदाताईंना उगाच म्हातारं करत होतो.

अंबडला झुंबर गांगुर्डेकडून पितळी बुश कातून आणला,
दहाची पुली बाराची झाली.
कशाला, त्यानं विचारलं.
एका बाईंना भराभर बोलायचंय.
बायकांना त्यासाठी पितळ कधीपासून लागतं, म्हणाला,
आणि ऐंशी रुपये घेतले.

हेमे आज बर्फ पडलाय गाडी खोऱ्यानं उकरून काढली
आणि ऐक ना कुकर लावलाय शिट्ट्या मोज माझ्याबरोबर
ही पहिली!

बाई हसल्या. दुसऱ्या शिट्टीला गप्प झाल्या.
म्हणजे मजेत होती, म्हणाल्या.
मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, माझ्याकडे न बघता :
काही न पाठवल्याचं मी तिला
परवाच माफ करून बसले होते.

यावर माझ्याकडे मीटर नाही.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही.
मंदाताईंच्या बोलण्यामागे एक बारीक गुणगुण आहे,
त्यांच्या स्वयंपाकघरातल्या विजेची, टेपवर उतरलेली.
टेप हळू चालत होती तेव्हा ती साठाची पन्नास होऊन
माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या घुमण्यात विरघळून जायची,
दोन बहिणी एकाच मीटरवर असल्यासारखी.
आता दोन सूर वेगवेगळे ऐकू येतात,
एक इथला, एक तिथला,
आणि मधलं अंतर.

बुश एका स्क्रूवर आहे, काढता येतो,
एवढं मात्र दाखवून आले.
स्क्रूड्रायव्हर तिथेच राहिला.
मागायला अजून गेलेले नाही.